भोसल्यांचा समुद्र

समुद्र म्हटलं की नागपूरकर पश्चिमेकडे तोंड करतो. गणपतीपुळे, अलिबाग, फारच हौस असली तर गोवा. पण आपल्या शहराचा समुद्र पूर्वेला आहे, हे नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या काकांचं जुनं म्हणणं. १७५१मध्ये रघूजी भोसल्यांनी अलिवर्दीखानाकडून ओडिशाचा ताबा मिळवला आणि १८०३मध्ये इंग्रज येईपर्यंत जगन्नाथपुरी नागपूरच्या अमलाखाली होती. त्यामुळे यंदाच्या उन्हाळ्यात पुरीला मुक्काम ठोकला, तो फिरायला म्हणून कमी आणि जुन्या मालमत्तेची पाहणी म्हणून जास्त. अहमदाबाद-पुरी एक्सप्रेस नागपूरवरूनच जाते, ही काकांच्या मते इतिहासाने ठेवलेली सोय.

पारा पाहून आम्ही हसलो होतो. पंचेचाळीस सोसून आलेल्यांना पस्तीसचं काय! पण नागपुरात घाम कधी येतो अन् कधी वाळतो ते कळत नाही. पुरीत आलेला घाम लांबच्या पाहुण्यासारखा मुक्कामच टाकतो. काकूंनी हॉटेलवाल्याला कूलर मागितला. तो नुसता हसला. हवाच जिथे पाण्याने भिजलेली, तिथे कूलरचं पाणी उडणार कुठे आणि गारवा येणार कुठून? मग फिरणं सकाळ-संध्याकाळवर नेलं आणि दुपारी पंख्याखाली पखाळ. पाण्यात भिजवून आंबवलेला भात, दही, मिरची, बाजूला तळलेली वडी. काकूंनी आधी नाक मुरडलं, मग रोज तेच मागवलं.

उन्हाळ्यात पुरीला जाण्याचा एक मोठा फायदा म्हणजे रथ बनताना दिसतात. देवळासमोरच्या बडा दांड या मोठ्या रस्त्यावर, राजवाड्याजवळ, अक्षय्य तृतीयेपासून सुतारांचं काम सुरू होतं. तिन्ही रथ दरवर्षी नव्याने करायचे. जगन्नाथाच्या नंदीघोषाला १६ चाकं, बलभद्राच्या तालध्वजाला १४, सुभद्रेच्या दर्पदलनाला १२. रथयात्रेच्या गर्दीत माणसाला चाकाच्या जवळ कोण जाऊ देतं? मे महिन्यात मात्र भर रस्त्यात लाकडाचे ओंडके पडलेले, तासण्याचा आवाज अखंड चालू, आणि घडत असलेलं चाक हातभर अंतरावर. मी तिथून हलेचना. काका मात्र घाईत होते. त्यांना खांब पाहायचा होता.

खांब म्हणजे अरुणस्तंभ. सिंहद्वारासमोर एकाच दगडातून कोरलेला, सोळा बाजूंचा, वर सूर्याचा सारथी अरुण. हा मुळात कोणार्कचा. अठराव्या शतकात, भोसल्यांच्या काळात, तो तिथून पुरीला आणून उभा केला. काकांनी खांबाला हात लावून फोटो काढवून घेतला आणि रांगेतल्या अनोळखी माणसांनाही सांगितलं, ‘‘हा आमचा आहे बरं, नागपूरचा!’’

कोणार्क तिथून साधारण ३५ किलोमीटर. समुद्राच्या कडेने जाणारा रस्ताच इतका सुरेख, की पोचायची घाई वाटत नाही. तेराव्या शतकातल्या नरसिंहदेवाने बांधलेला हा सूर्याचा रथ, त्याची कोरीव २४ चाकं आणि त्यांच्या सावलीवरून वेळ सांगणारे गाईड याबद्दल मी नवं काही सांगणार नाही. मुख्य शिखर केव्हाच ढासळलंय. समोरचा मंडप पडू नये म्हणून इंग्रजांनी १९०३मध्ये आत वाळू भरून तो बंद केला. आमच्या गाईडने समोरची मोकळी जागा दाखवली. ‘‘खंभा यहाँ था। मराठे ले गये।’’

काका म्हणाले, ‘‘नेला काय? इथं पूजाच बंद पडली होती. नेला म्हणून वाचला!’’

काकू म्हणाल्या, ‘‘शेजाऱ्याच्या अंगणातला पाटा असा वाचवून आणला, तर महालात काय म्हणतात तुम्हाला ठाऊक आहे.’’

मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी चाकांचे फोटो काढत राहिलो.

पुरीच्या किनाऱ्यावर बंगाली कुटुंबं इतकी, की पाटीही बंगालीत आणि चहाही बंगालीत. संध्याकाळी शेजारच्या खुर्चीवरच्या आजींनी विचारलं, कुठून आलात? काकांनी छाती काढून सांगितलं, नागपूरहून, भोसल्यांच्या गावचे. आजी नातवाला जवळ घेऊन हसत म्हणाल्या, लहानपणी आम्हाला तुमच्याच स्वारांची भीती घालून झोपवायचे! १७४०च्या दशकात नागपूरच्या घोडेस्वारांनी बंगाल लुटलं ते तिथल्या अंगाईत अजून आहे. काका म्हणाले, ‘‘ते... फार जुनं झालं आजी,’’ आणि नातवाला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली.

दुसऱ्या दिवसापासून कुणी विचारलं की काका ‘महाराष्ट्र’ एवढंच सांगू लागले. फक्त निघताना खाजाच्या दुकानात, भाव काही कमी होतो का पाहायला, त्यांनी भोसले पुन्हा बाहेर काढले. दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितला तोच भाव लावला.