तुम्ही विचारलंत म्हणून: त्या सीमेवरच्या गावात दोघंच कशाला गेलात?

पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलहून परतल्यापासून भेटेल तो हेच विचारतो. काय होतं तिथं बघण्यासारखं? भीती नाही वाटली?

गावाचं नाव पोदोर. सेनेगल नदीच्या अगदी काठावर वसलेलं. पलीकडचा काठ मॉरिटानियाचा. समुद्रकाठच्या सँ-लुई शहरापासून दोनशेहून जास्त किलोमीटर. आपल्या वडापसारखी गाडी असते, सात माणसं भरली की निघते. आम्ही जानेवारीत गेलो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या खूप वर जातो, तेव्हा जाऊ नका.

धक्क्यावर एकोणिसाव्या शतकातली व्यापाऱ्यांची घरं आहेत, मागे 1854 मध्ये फ्रेंचांनी नव्यानं बांधलेला किल्ला. व्यापार कशाचा होता, तर डिंकाचा. उत्तरेच्या वाळवंटाकडून बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक नदीवर यायचा, आणि त्याच्या बदल्यात फ्रेंच जे निळं कापड मोजून द्यायचे ते पाँडिचेरीचं असायचं! त्या कापडाचा ठाण इथं नाण्यासारखा चालायचा. बाळंतपणात आईनं करून दिलेले डिंकाचे लाडू मला तिथं उभ्या उभ्या आठवले. त्या निळीत हात बुडालेल्या आपल्या रंगाऱ्यांना हे गाव कधी माहीत झालं असेल का, हा विचार अजून मनातून जात नाही.

आता दोघांनी जाण्याबद्दल. पोदोरमध्ये आम्ही दिवसभर एकत्र नसायचोच. पुलार भाषेतलं "जाम तान", म्हणजे सगळं क्षेम, एवढं म्हणता आलं आणि घराघरांतून बोलावणी आली. ह्यांना पुरुषांनी चहाला बसवलं. तिथला चहा तीन फेऱ्यांचा, पहिली कडू, मग गोड होत जाणारी. दीड-दोन तास सहज जातात. मला बायकांनी आत अंगणात नेलं, चटईवर बसवून कांदे चिरायला दिले. मी एकटी असते तर पाहुणी म्हणून ओसरीवरच राहिले असते, आणि हे एकटे असते तर त्यांना अंगण दिसलंच नसतं.

संध्याकाळी धक्क्यावर बसून आम्ही आपापला दिवस एकमेकांना सांगायचो. ह्यांनी पुरुषांकडून 1989 ऐकलं होतं: गुराखी आणि शेतकऱ्यांच्या भांडणातून दोन्ही देशांत कत्तली झाल्या, सीमा बंद झाली, मॉरिटानियातल्या हजारो काळ्या कुटुंबांना नदीच्या अलीकडे हाकलून दिलं. मी अंगणात ऐकलं होतं ते एका मावशीबद्दल. ती पलीकडेच राहिली, आणि सीमा उघडेपर्यंत ह्या घरातल्या लग्नांना येऊ शकली नाही. दोघांचं बोलणं जुळवलं तेव्हा कळलं, चहाच्या घोळक्यातला तो वयस्कर माणूस म्हणजे त्याच मावशीचा भाऊ. दिवसभर आम्ही एकाच घराची गोष्ट दोन दारांतून ऐकत होतो.

भीती नाही वाटली. फक्त चौकीचे, शिपायांचे फोटो काढू नका, आणि पासपोर्टवर शिक्का नसताना होडीत पाय ठेवू नका. आम्हीही पलीकडे गेलो नाही.

निघायच्या दिवशी सकाळी धक्क्यावर आमच्या त्या घरची बाई दिसली. हातात फडकं बांधलेलं भाताचं पातेलं. तिनं ते होडीवाल्याच्या हातात दिलं, काहीतरी दोनदा बजावून सांगितलं, आणि होडी पलीकडच्या काठाला लागेपर्यंत तिथंच उभी राहिली.