स्टाईलशीट वेगळी केली, पण जुनी फाईल जाता जाईना

वेबसाइटच्या पानापानांत विखुरलेली सजावट उपसून एका स्वतंत्र सीएसएस फाईलमध्ये (पानाचं रूप ठरवणारे नियम असलेल्या फाईलमध्ये, म्हणजेच स्टाईलशीटमध्ये) नेण्याचं काम मी नुकतंच तडीस नेलं. त्यातलं नव्वद टक्के काम सुरळीत झालं. उरलेल्या दहा टक्क्यांनी इतकं छळलं, की हे लिहायला बसलो.

हे करायचं कशासाठी? बटणाचा रंग बदलायला किती पानं उघडावी लागतात ते मोजा. उत्तर ‘सगळी’ असेल, तर प्रत्येक बदलाची मजुरी पानांच्या संख्येने गुणली जाते, आणि तरी एखादं पान सुटतंच. मग ग्राहकाला एकाच व्यवसायाचे दोन लोगो, दोन निळे रंग दिसतात. सजावट वेगळी असली की बदल एका ओळीत होतो. मजकूर लिहिणारा आणि डिझाइन करणारा एकाच वेळी काम करतात, एकमेकांच्या फायलींत हात न घालता. सीएसएसची पहिली अधिकृत शिफारस डिसेंबर १९९६ची आहे. इतकी वर्षं होऊनही पानापानांत फॉन्टचा आकार लिहिलेला दिसला, की मला वाईट वाटतं.

सुरुवातीचे टप्पे थोडक्यात. एडिटरच्या शोधात ‘स्टाईल=’ टाकून सगळ्या फायलींत ते किती ठिकाणी आहे ते मोजायचं. जी सजावट सर्वांत जास्त वेळा आली आहे तिच्यासाठी आधी क्लास (नाव दिलेला सजावटीचा नियम) करायचा. क्लासला नाव कामावरून द्यायचं, रूपावरून नाही. ‘लाल-बटण’ नाव दिलंत आणि उद्या बटण हिरवं झालं, तर नाव आयुष्यभर खोटं बोलत राहतं, ‘खरेदी-बटण’ टिकतं. ब्रँडचे रंग फाईलच्या डोक्यावर व्हेरिएबलमध्ये ठेवायचे.

इथे एकच खड्डा आहे. टॅगमध्येच (पानाच्या कोडमधल्या खुणेतच) लिहिलेली सजावट बाहेरच्या फाईलला एरवी हरवते, म्हणून एखाद्या ठिकाणी ती काढायची राहिली तर नव्या फाईलचा नियम तिथे लागत नाही. लोक चटकन नियमापुढे ‘!इम्पॉर्टंट’ (हा नियम सगळ्यांना वरचढ, अशी खूण) ठोकतात. करू नका. पुढच्या माणसाला त्याच्यावर मात करायला आणखी एक ‘!इम्पॉर्टंट’ लागतो, आणि वर्षभरात फाईल कुणालाच उमजेनाशी होते. उरलेली ओळ शोधून काढा.

आता खरं दुखणं. नवी पानं आणि नवी सीएसएस सर्व्हरवर चढवली. माझ्या संगणकावर सगळं चोख. पण पूर्वी येऊन गेलेल्या ग्राहकांना मेनूच्या जागी टिंबांची उभी यादी दिसत होती आणि चौकशीचा फॉर्म उघडाबोडका. होस्टिंगच्या मदतकक्षाकडून दर वेळी एकच उत्तर: ‘ब्राउझरची कॅशे साफ करा.’ कॅशे म्हणजे ब्राउझरने आपल्याकडे साठवून ठेवलेल्या फायलींच्या प्रती. या उत्तराचा मला अजून राग येतो. मी माझी कॅशे साफ करीन. साइटवर येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाची कोण करणार?

घडत होतं ते असं. सीएसएस फाईलसोबत सर्व्हर ‘कॅशे-कंट्रोल: मॅक्स-एज=३१५३६०००’ असा हेडर, म्हणजे फाईल किती काळ ताजी धरायची याची सूचना, पाठवत होता. हे सेकंद आहेत. म्हणजे ३६५ दिवस. ज्या ब्राउझरने ही फाईल एकदा घेतली, तो वर्षभर सर्व्हरला विचारतच नाही. सर्व्हरवर तुम्ही काहीही बदला, विचारणाच होत नाही तर सांगणार कसं? एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ कोड, मात्र ताजं येतं. त्यात नवे क्लास असतात, जुन्या सीएसएसमध्ये ते नसतात, आणि पानाची घडी विस्कटते.

हेडर अजिबात नसला तरी सुटका नाही. मग ब्राउझर स्वतः अंदाज बांधतो: फाईल शेवटची बदलून जितका काळ लोटला, त्याच्या साधारण एक दशांश काळ ती ताजी धरायची. २०० दिवस न बदललेली फाईल अशी २० दिवस चिकटून राहू शकते. काही ब्राउझर यावर मर्यादा घालतात, पण त्या भरवशावर राहू नये.

सीडीएनची, म्हणजे मधल्या सर्व्हरांची कॅशे रिकामी करण्यातही मी वेळ घालवला. तेवढ्याने फक्त मधली प्रत जाते, ग्राहकाच्या फोनमधली तशीच राहते. मला स्वतःला दोष दिसत नव्हता, कारण ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘कॅशे बंद’वर कायमची खूण होती. ती खूण असताना घेतलेली कोणतीही चाचणी या बाबतीत निरुपयोगी. तपासायचं असेल तर बदलाच्या आधी एका दुसऱ्या फोनवर साइट उघडून ठेवा, बदलानंतर त्याच फोनवर पुन्हा उघडा.

इलाज एकच, आणि तो पक्का आहे: फाईलचं नाव बदलायचं. दर बदलाला नावात नवा क्रमांक, किंवा बिल्ड टूल (फायली आपोआप तयार करणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर मजकुरावरून निघणारी अक्षरं. नाव नवं म्हणजे ब्राउझरच्या लेखी फाईलच नवी. तो ती मागवतोच. मग वर्षभराचा मॅक्स-एज वरदान ठरतो. एचटीएमएलला मात्र ‘नो-कॅशे’ द्यायचा. नावावरून गैरसमज होतो: ‘नो-कॅशे’ म्हणजे साठवू नको असं नाही, तर वापरण्याआधी सर्व्हरला विचार असं आहे. पान बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ (‘बदल नाही’) एवढंच उत्तर देतो, पान पुन्हा पाठवत नाही. साठवूच नको म्हणायचं असेल तर तो ‘नो-स्टोअर’.

चढवण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी नवी सीएसएस, ती पत्ता टाकून उघडून पाहायची, मगच एचटीएमएल. उलट केलंत तर मधल्या मिनिटांत पान अशी फाईल मागतं जी अजून तिथे नाही, आणि काही सीडीएन ते ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’ हे उत्तर सुद्धा थोडा वेळ जपून ठेवतात. काही सर्व्हर तर न सापडलेल्या फाईलच्या जागी ‘पान सापडलं नाही’ हे एचटीएमएल २०० या यशाच्या क्रमांकासह देतात. ब्राउझर त्याचा प्रकार ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ पाहतो आणि स्टाईलशीट म्हणून नाकारतो. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) एमआयएमई टाईपची, म्हणजे फाईलच्या प्रकाराची, तक्रार दिसली, तर सीएसएसमध्ये चूक शोधत बसू नका; फाईलचा पत्ता तपासा.

हे बसल्यावर फायदा दिसायला लागतो. प्रत्येक पानात ३० केबी सजावट असेल आणि ग्राहक सहा पानं पाहत असेल, तर १८० केबी जातात. वेगळ्या फाईलने ३०च. मोबाईल डेटावर साइट पाहणाऱ्याला हा फरक जाणवतो. छपाईसाठी वेगळे नियम देता येतात, त्यामुळे बिल छापताना मेनू आणि जाहिरातींवर शाई जात नाही. टॅगमधली सजावट पूर्ण संपली असेल तर कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीत (पानात काय चालू द्यायचं हे ब्राउझरला सांगणाऱ्या नियमांत) बाहेरून घुसवलेली सजावट रोखता येते. ती उरली असेल तर तिच्यासाठी ‘अनसेफ-इनलाईन’ची पळवाट उघडी ठेवायचा मोह होतो.

एक सांगायचं राहिलं: मोठी फाईल तोडून ‘@इम्पोर्ट’ने एकातून दुसरी बोलावू नका. पहिली उतरून वाचल्याशिवाय ब्राउझरला दुसरीचा पत्ताच कळत नाही, आणि सीएसएस येईपर्यंत पान कोरं राहतं. पानाच्या हेडमध्ये (कोडच्या सुरुवातीच्या भागात) सरळ लिंक टॅग द्या.

ईमेल टेम्पलेट या सगळ्यातून वगळा. अनेक मेल प्रोग्रॅम बाहेरची स्टाईलशीट घेतच नाहीत, तिथे सजावट टॅगमध्येच हवी.

आणि नवं नाव दिलं म्हणून जुनी सीएसएस लगेच पुसू नका. कुणाच्या तरी उघड्या टॅबमध्ये किंवा शोधयंत्राच्या साठवलेल्या प्रतीत जुनं पान असतं आणि ते जुनंच नाव मागतं. मी मागच्या तीन आवृत्त्या सर्व्हरवर ठेवतो, आणि लॉगमध्ये एखादीची मागणी महिनाभर आली नाही, की मगच ती काढतो.