धर्मपुरीच्या अलीकडची दुपार

आळंदीहून माऊलींच्या पालखीबरोबर निघालेल्या माणसाला वाटेत निदान एखादा तरी ‘अनुभव’ यावा, अशी घरच्यांची आणि त्याची स्वतःचीही अपेक्षा असते. आमच्या दिंडीत तर पावसाची सर आली तरी ती पांडुरंगाने खास आमच्यासाठी धाडलेली असे. मागच्या दिंड्याही त्याच सरीत भिजत, याची आठवण कोणी काढत नसे. शिवाय एकमेकांच्या पाया पडून झाले की लगेच ‘तुमची दिंडी रथापुढची की मागची, आणि कितवी?’ असे विचारले जाई, तेव्हा हरिपाठावरचे माझे लक्ष उडे.

दिवे घाट, जेजुरी, नीरा, फलटण मागे पडले. बरडहून नातेपुत्याकडे जाताना मात्र धर्मपुरीच्या अलीकडे डाव्या टाचेखालचा फोड असा ठणकू लागला की विणेकऱ्यांनी धरलेला अभंगही नकोसा झाला. रस्त्याकडेच्या बाभळीखाली मी बसलो, तिथे परभणीकडची एक म्हातारी बाई डोक्यावरची तुळस उतरवून गुडघ्याला तेल चोळत होती. “पाय हिकडं करा, माऊली,” म्हणत तिने माझा पाय सरळ मांडीवर ओढला आणि मी संकोचाने मागे सरकलो तशी दरडावली, “हलू नगा.” सुईत दोरा ओवून तिने फोड आरपार टोचला, पाणी झिरपत राहावे म्हणून दोऱ्याचा तुकडा आतच ठेवला, तेलात हळद कालवून लावली आणि वर चिंधी बांधली. हे करताना टँकरपाशी रांग मोडणाऱ्यांचा उद्धार चालूच होता. मी दिलेल्या केळ्यातले अर्धे तिने मलाच परत दिले. उठताना मात्र गुडघ्याने तिला दोनदा खाली बसवले.

रात्री तळावर हे सांगितले, तेव्हा विणेकरी हात जोडून म्हणाले, “रखुमाईच भेटली तुम्हाला.” दोघे तर माझ्या पायाला हात लावायला पुढे सरसावले. मला राग आला आणि सुखावल्यासारखेही झाले, कारण रखुमाई भेटली म्हटले की मोठेपण सुई धरणाऱ्या हाताकडून माझ्या टाचेकडे येते. देवीला एक फोड टोचायला कितीसे कष्ट पडणार? ते पडले त्या बाईला, आणि या कथेत नेमकी तीच उरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरचे गोल रिंगण झाले. अंकलीहून शितोळे सरकारांनी आणलेले दोन्ही अश्व, एक स्वाराचा आणि दुसरा माऊलींचा म्हणून रिकाम्या पाठीचा, धावून गेले तसे लोक टापांखालच्या मातीवर तुटून पडले. त्या मातीत आणि शेजारच्या शेतातल्या मातीत काही फरक नाही, हे मनात स्पष्ट असतानाही मी चिंधी बांधलेल्या पायाने धावलो आणि ती कपाळाला लावून हमसून रडलो. आदल्या रात्रीच्या माझ्या रागाचा आणि या रडण्याचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

पंढरपुरात दर्शनाची रांग पाहून कळसालाच नमस्कार केला. घरी पोचल्यावर आईने विचारले, “काय अनुभव आला?” मी बाभळीखालची हकीकत सांगू लागलो, तोच तिचे हात जोडले गेले. “अगं, ती परभणीकडची होती,” मी म्हणालो, “आणि तिचा गुडघा फार दुखत होता.”