टीव्ही गेमची दुरुस्ती: कुंडीवाला गेम पुन्हा सुरू

मागच्या वेळी टीव्ही गेमचं जुनं मशीन नुसतं उघडून बघितलं होतं. आता चित्र आलंय, आवाज आलाय आणि कॅसेटमधला सगळ्यांनी नावं ठेवलेला ठोसेबाजीचा गेम ‘अर्बन चॅम्पियन’ व्यवस्थित चालतोय. गणपतीला मुंबईची मंडळी देवगडला यायच्या आत दोन्ही रिमोट चालते करायचेत. हा गेम एकट्याने खेळण्यात अर्थ नाही.

मशीन म्हणजे नव्वदच्या दशकात आपल्याकडे सर्रास मिळायचं तेच. निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉम या गेम मशीनची नक्कल, ६० पिनांची कॅसेट, बोर्डावर चिपच्या जागी काळ्या इपॉक्सीचा, म्हणजे घट्ट झालेल्या राळेचा गोळा, चिप त्याच्या आत. तो गोळा गेला तर मशीन संपलं, कारण त्याच्या आत हात घालता येत नाही. माझा शाबूत निघाला. बाकीच्या बोर्डाची मात्र दशा होती. माळ्यावर आंब्याच्या पेटीत इतके पावसाळे काढलेले, आणि घरापासून खाडी हाकेच्या अंतरावर. आपल्याकडच्या हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं आणि त्या ओलीत तांबं खाल्लं जातं. देशावरच्या मित्राचं याच वयाचं मशीन नुसत्या पुसण्याने सुरू झालं. माझ्या मशीनमध्ये कॅसेट बसते त्या कनेक्टरच्या पट्ट्यांवर हिरवा कळंक धरला होता आणि एका कोपऱ्यात तांब्याची रेघ पार तुटली होती.

कॅसेटच्या पिना आधी पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासल्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. पॉलिश पेपर लावायचा मोह आवरा, वरचा पातळ मुलामा निघाला की पुढच्या पावसात पिना आणखी लवकर काळ्या पडतात. कनेक्टरच्या आतल्या पट्ट्या वर्षानुवर्षं दाबून सैल झालेल्या असतात. त्या सुईच्या टोकाने एकेक करून किंचित पुढे ओढल्या. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला आणि सगळ्यात जास्त फरकही यानेच पडला. आधी पडद्यावर नुसते रंगीत चौकोन यायचे, नंतर पहिल्या झटक्यात मेनू आला. तुटलेल्या रेघेवर बारीक तार टाकून सोल्डरचा डाग दिला. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरमधून ५ व्होल्ट सरळ मिळत होते, तो तसाच ठेवला. फुगलेले कपॅसिटर मात्र बदलले. अडॅप्टर लावण्याआधी पोलॅरिटी मीटरने बघून घ्या. या नकली मशीनांमध्ये कुठे मधली पिन प्लस, कुठे मायनस.

आता मुद्द्याचं. ‘९९९९ इन १’ कॅसेटवर खरे गेम मूठभर, बाकी त्यांचेच फिरवलेले अवतार, एखादा पुढच्या लेव्हलपासून सुरू होणारा. हेच मूठभर का, याचं उत्तर त्यांच्या आकारात आहे. ‘अर्बन चॅम्पियन’, ‘क्लू क्लू लँड’, ‘आइस क्लायंबर’ हे १९८४-८५ चे सुरुवातीचे गेम २४ केबीचे, १६ प्रोग्रॅमला आणि ८ चित्रांना, वर कुठलीही जास्तीची चिप नाही. ‘कॉन्ट्रा’ एकटाच १२८ केबी खातो. कॅसेट बनवणाऱ्याला स्वस्तात भरपूर गेम कोंबायचे होते. त्यामुळे आमचं बालपण कुठल्या गेमांवर जाणार हे दर्जाने नाही, किलोबाइटने ठरवलं. निन्टेन्डोच्या ज्या गेमांना परदेशातले लोक कच्चे प्रयोग म्हणतात, तेच आमच्या वाट्याला आले.

आणि ते आम्हाला अगदी बेतलेले निघाले, हे मी ठामपणे म्हणतो. ‘अर्बन चॅम्पियन’ नंतर निन्टेन्डोच्याच ‘वी’ मशीनवर आणि २०११ मध्ये ‘३डीएस’ या हातातल्या मशीनवर पुन्हा आला तेव्हा परीक्षकांनी त्याला धुतलं. दोनच ठोसे, एकच प्रतिस्पर्धी, तोच रस्ता पुन्हा पुन्हा. सगळं खरं आहे. पण मे महिन्यात घरात चुलत-आते-मामे मिळून पोरांची फौज, टीव्ही एक, रिमोट दोन. अशा वेळी हरला की उठला, दुसरा बसला, असा गेम लागतो. तासभर चालणारा गेम घरात भांडणं लावतो. शिवाय लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही आणि सेव्ह करायची सोय नाही. या गेममध्ये लाइट गेल्याने कुणाचं काही बुडायचं नाही.

आम्ही त्याला कुंडीवाला गेम म्हणायचो. दोघं रस्त्यावर ठोसे मारत असतात, वर खिडकीत कुणीतरी येतं आणि कुंडी खाली टाकतं. डोक्यात बसली की गडी क्षणभर भंजाळतो, तेवढ्यात समोरच्याने जोराचा ठोसा लावायचा. म्हणजे एक डोळा समोर, एक खिडकीवर. पोलिसांची गाडी आली की दोघंही काही झालंच नाही असं दाखवत आपापल्या जागी परततात. समोरच्याला ढकलत ढकलत शेवटी उघड्या गटारात पाडायचं, मग खिडकीतली बाई जिंकणाऱ्यावर रंगीत कागद उधळते. परवा हे पुन्हा दिसलं तेव्हा मी मोठ्याने ओरडलोच. काकी स्वयंपाकघरातून बघायला आली, “ह्यां अजून चालता?” म्हणाली आणि कुंडी पडेपर्यंत उभी राहिली.

‘क्लू क्लू लँड’ला मात्र माझ्याकडूनही तेवढा पाठिंबा नाही. खांब धरून गोल फिरायचं आणि लपलेली सोन्याची विटकुरं उघडी करायची, कल्पना सुंदर, पण हात कुठल्या बाजूला जाईल हे आजही बोटांना कळत नाही. तरी मेनूत तो दिसला की मी एकदा लावतोच.

उरलेलं काम दुसऱ्या रिमोटचं. रबराखालच्या काळ्या कार्बनच्या टिकल्या झिजल्यात, तात्पुरती मऊ पेन्सिल घासलीय, पण चार डावांत पुन्हा बटण दाबून धरावं लागतं. कार्बनचा लेप मागवलाय. केबल प्लगजवळ आतून तुटलीय, ती कापून नवीन जोडायची आहे. माझ्या मशीनला १५ पिनांचा प्लग आहे आणि नकली रिमोटमध्ये तारांच्या रंगांना काही नियम नसतो, म्हणून प्रत्येक तार मीटरने मोजतोय. कुणी आपल्या रिमोटच्या पिना मोजून लिहून ठेवल्या असतील तर जरूर पाठवा, ताडून बघता येईल. गणपतीनंतर मशीन सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात जाईल. माळ्यावर पुन्हा नाही.