अगस्त्यमलैची पिवळी सपाता

केरळमधील एका वनस्पती उद्यानाच्या हरितगृहात गेल्या फेब्रुवारीत मी पॅफिओपेडिलम ड्रुरीआय ही स्लिपर ऑर्किड प्रथमच फुललेली पाहिली. पट्ट्यासारख्या हिरव्या पानांच्या झुबक्यातून वर आलेल्या लवदार दांड्यावर एकच पिवळे फूल होते आणि त्याच्या वरच्या दलावर व दोन्ही बाजूंच्या पाकळ्यांवर मधोमध ठळक तपकिरी रेघ उतरली होती. खालची पाकळी म्हणजे सपातेच्या टोकासारखी फुगीर पिशवी. आत घसरलेल्या कीटकाला तिच्या गुळगुळीत भिंतींवरून वर चढता येत नाही. मागच्या अरुंद वाटेने बाहेर पडताना तो आधी कुक्षीला, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या भागाला, घासतो आणि मग चिकट पराग पाठीवर घेऊन निघतो. या साऱ्या खटाटोपात त्याला मधाचा थेंबही मिळत नाही.

या वंशाच्या भारतातील इतर जाती ईशान्येकडे आढळतात. द्वीपकल्पात मात्र ही एकटीच आहे. आपला सह्याद्री दक्षिणेकडे जात केरळ-तमिळनाडूच्या सीमेवर जिथे अगस्त्यमलै होतो, तिथे सुमारे १,४०० ते १,५५० मीटर उंचीवर, गवताळ उतारांवर आणि खडकांच्या कपारींत ती जमिनीलगत वाढते. सीतेची वेणी झाडावर लोंबताना पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना ऑर्किड गवतात शोधायची, हे प्रथम पटत नाही.

ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल ड्रुरी यांना ती १८६५ मध्ये त्रावणकोरच्या डोंगरांत सापडली आणि वनस्पतींचे अभ्यासक बेडम यांनी त्यांचेच नाव तिला दिले. पुढे ती कित्येक दशके दिसेनाशी झाली, नामशेष झाली असेच मानले जाऊ लागले, आणि १९७२ मध्ये पुन्हा सापडली. खरा घात त्यानंतर झाला. ठिकाण कळताच संग्राहकांसाठी रोपे गड्ड्यांसकट उपटून नेण्यात आली. आज कायद्याने तिला संरक्षण आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधने आहेत. परंतु ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात कोंबासाठी अन्नसाठा नसतो आणि योग्य बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रानात रुजत नाही, त्यामुळे उपटलेल्या एका झुबक्याची जागा सहजासहजी भरून निघत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे पुन्हा डोंगरावर लावण्याचे प्रयत्न झाले आहेत, हे मला फार मोलाचे वाटते.

कुंडीवरच्या पाटीवर मूळ स्थान म्हणून ‘अगस्त्यमलै’ एवढेच लिहिले होते. नेमका उतार कोणता, हे तिथल्या माळीकाकांना विचारावे असे क्षणभर मनात आले. मी विचारले नाही.