केळी म्हणजे केळी नव्हे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं हे कुणी ना कुणी विचारतंच. लग्नात पंगतीला शेजारी बसलेली पाहुणी, रेल्वेत समोरच्या सीटवरची बाई आणि दर मे महिन्यात पुण्याच्या जाऊबाई. "घरात मराठी, शेजारी कन्नड, शाळेत इंग्लिश. पोरांच्या डोक्यात गोंधळ होत नाही का गं?"

होतो. पण पोरांच्या नाही, आमच्या.

धाकटा अडीच वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. बेळगावच्या वडगावात आम्ही वरच्या मजल्यावर आणि खाली घरमालकांच्या कन्नड अज्जी. आमटीभाताचा घास दिसला की हा जिन्यात पळायचा आणि "नाई! नाई!" म्हणून बोंब ठोकायचा. पहिल्याच दिवशी अज्जी काठी घेऊन बाहेर. "एल्लि नाई?" कन्नडमध्ये नाई म्हणजे कुत्रं, आणि एल्लि म्हणजे कुठाय. जिन्यात कुत्रं शिरलं म्हणून त्या बिचाऱ्या पायरी न् पायरी बघत वर आल्या, तर वर हा, गालाला भात फासलेला. काठी बघून त्यानं आ वासला आणि मी तेवढ्यात घास कोंबला. पुढं कित्येक महिने अज्जींना कुत्रं नाही हे पक्कं माहीत असायचं, तरी त्या काठी घेऊन येत राहिल्या. त्या काठीनं माझ्या पोराला जेवढं जेवू घातलं तेवढं चिऊकाऊनं नाही.

मग तो बालवाडीत गेला. पहिले तीन दिवस घरी येऊन रडारड. चौथ्या दिवशी कारण कळलं. "टीचर सारखी केळी केळी म्हणते आणि एक पण देत नाही." मी बावळटासारखी दोन तास विचार करत बसले. मग भांडी घासता घासता डोक्यात उजेड पडला. कन्नडमध्ये केळी म्हणजे ऐका! "मक्कळे, केळी," मुलांनो, ऐका. आणि हा आपला रोज मांडी घालून वाट बघत बसलेला.

समजावलं. पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला डब्यात केळंच हवं होतं, ते दिलं. दुपारी न्यायला गेले तर गेटवर टीचर हसू दाबत उभ्या. त्या "केळी" म्हणाल्याबरोबर ह्यानं उठून केळं त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी प्रेमानं विचारलं, "बाळे हण्णा?" म्हणजे केळं का रे? केळ्याला कन्नडमध्ये बाळे हण्णु म्हणतात. आणि आमचे चिरंजीव सगळ्या वर्गासमोर कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मी बाळ नाही. मी मोठा झालोय."

आता ह्यात गोंधळलेलं कोण ते तुम्हीच ठरवा.

थोरलीचा तर गोंधळ मुळीच नाही, हिशोब आहे. रडायचं मराठीत, कारण त्याला आजी विरघळते. खोटं बोलायचं इंग्लिशमध्ये, "आय डिडन्ट डू," कारण इंग्लिशमध्ये उलटतपासणी घ्यायला आजीला जमत नाही. आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात शिरताना उंबऱ्यावरच कन्नड. "अण्णा, पेपरमिंट बेकु," असं लाडात म्हटलं की अण्णा एकावर एक फुकट देतात. मी इतकी वर्षं तिथनं सामान आणते, मला अजून कढीपत्तासुद्धा फुकट मिळालेला नाही.

आम्ही नवराबायको पूर्वी पोरांपासून लपवायचं ते कन्नडमध्ये बोलायचो. "रात्री ही झोपली की आइस्क्रीम" वगैरे. एकदा असंच कुजबुजत होतो, तर पांघरुणातनं आवाज आला, "नंगू बेकु." मला पण पाहिजे. त्यात आता ती पहिलीत. इथं शाळेत कन्नड शिकावंच लागतं, 2015 चा कायदाच आहे तसा, म्हणजे आमची गुप्त भाषा अभ्यासक्रमाला लागली! इंग्लिश तर केजीतच हातचं गेलं होतं. सध्या आम्ही एकाच सोफ्यावर बसून एकमेकांना व्हॉट्सॲप करतो.

भांडणाला मात्र कुठलीच भाषा लागत नाही. पलंगावर मधोमध लोड ठेवून हद्द आखलेली असते आणि रात्रीत तो लोड कुणीतरी वीतभर सरकवतं. न्यायनिवाड्याला आजी. तिचा निकाल धाकट्याला मान्य आणि थोरलीला नामंजूर. बेळगाव कर्नाटकाचं की महाराष्ट्राचं ह्या सीमावादावर 1967 साली आलेल्या महाजन आयोगाच्या अहवालाचं असंच झालं होतं, कर्नाटक खूश आणि महाराष्ट्र नाखूश. त्या वादाचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. "तो सुटंल एकवेळ, ह्यांचा नाही," असं आजी म्हणते.

मध्यंतरी थोरलीनं विचारलं, "मम्मी, आपण बेळगावात राहतो की बेळगावीत?" 2014 साली नाव बदललं ते सांगितलं. "मग रिक्षावाले चाचा बेलगाम का म्हणतात?" त्या वेळी धाकटा पडद्याला लोंबकळत होता. ह्या घरापुरतं चाचांचं बरोबर आहे म्हटलं.

तर ह्या मे महिन्यात जाऊबाई आल्या आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी उत्तर देणार तोच थोरली आली. "काकू, काय करूलीस? च्या पिऊलीस काय?" जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं. "हे कन्नड का गं?" नाही हो, मराठीच.

मग त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं. "जेवलीस का तू?"

"मी जेवलो की."

"जेवलो नाही, राणी. मुली 'जेवले' म्हणतात."

इथं बायाबापड्या सगळ्या 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. मीसुद्धा. लिहिताना तेवढी 'आले, गेले' करते, चारचौघांत लाज नको म्हणून. थोरलीला मात्र ह्यातलं काहीच पटलं नाही. तिनं तिथनंच स्वयंपाकघराकडं हाक मारली, "आजी, तू जेवलीस काय ग?"

"कवाच जेवलो की!"