टायोगा रोडवर भेटलेली नागअळी

२०२३ साली इतका बर्फ पडला होता की कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातला टायोगा रोड उघडायला २२ जुलै उजाडला. आई वरुडहून सहा महिन्यांसाठी आली होती. ऑगस्टमध्ये तिला घेऊन त्याच रस्त्यावरचं ट्युओलमी मेडोज हे डोंगरातलं कुरण गाठलं. उंची ८,६०० फूट. चार पावलांत धाप लागली, तशी आई एका ओंडक्यावर टेकली आणि शेजारच्या लॉजपोल पाइनची फांदी खाली ओढून बघू लागली. जन्म संत्र्याच्या बागेत गेला; झाड दिसलं की पान उलटून बघायचंच.

"नागअळी आहे रे इथेही!"

मी हसलो. पण पाइनचं पान, म्हणजे ती सुई, उजेडात धरली तर खरंच आतून पोखरलेली, वाळक्या गवतासारखी पिवळट, बाजूला बारीकसं भोक. संत्र्याच्या नवतीवर, म्हणजे कोवळ्या पालवीवर, नागअळी वेडीवाकडी पांढरी रेघ ओढत जाते. इथे सुईच एवढी अरुंद, की वळायला जागा नाही. सरळ आत शिरायचं आणि खात सुटायचं.

फांदी हलवली तसे या सुईतल्या अळीचेच दोन-तीन राखाडी पतंग उडाले, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. नशीबच म्हणायचं, कारण या भागात ते एक वर्षाआड, विषम सालीच उडतात. अंड्यातून शरद ऋतूत निघालेली अळी सुईत शिरते, हिवाळा तिथेच काढते, पुढचं अख्खं वर्ष एकीतून दुसऱ्या सुईत मुक्काम हलवते, दुसरा हिवाळाही आतच, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात सुईतच कोष करून पतंग होते. दोन वर्षांचं आयुष्य, त्यात मोकळी हवा शेवटच्या थोड्या दिवसांची. अंडी घालायची तीही बहुधा पोखरून रिकाम्या झालेल्या जुन्या सुयांत.

"म्हणजे बाळंतपण माहेरीच," आई म्हणाली.

पाइनवरची ही अळी इथलीच, बाहेरून आलेली नाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिने टेनाया तलावाच्या आसपासची रानं अशी उजाड केली, की त्या करड्या खोडांच्या पट्ट्याला 'घोस्ट फॉरेस्ट', म्हणजे भुताचं रान, असं नाव पडलं. सुया गेल्या की झाड अशक्त होतं, मग खोडातले भुंगेरे उरलेलं काम करतात. १९५०च्या आसपास डीडीटी फवारून झालं, पुढे मॅलॅथिऑन हे कीटकनाशकही. आता फवारणी बंद आहे. मेलेल्या झाडांखाली ऊन पोचतं, तिथे नवी रोपं येतात. अळ्यांचा बंदोबस्त परजीवी गांधीलमाश्या आणि चिकडी पक्षी करतात.

आईला हे पटलं नाही. "आमच्याकडे फवारल्याशिवाय नवती हाती लागत नाही," एवढंच बोलून तिने पोखरलेली डहाळी पर्समध्ये टाकली. राष्ट्रीय उद्यानातून काडीही न्यायची नसते, हे सांगून ती परत ठेवायला लावली, तर अर्धा तास अबोला.

टेनायापाशी आल्यावर तिने तोंड उघडलं. "पुढचे पतंग २०२५ला ना? मग माझं तिकीट ऑगस्टचंच काढ."